दुपारी बंद पडणारी जीप

एका माणसाला माझ्या गॅरेजच्या आवारात पट्ट्यानं झोडपलं गेलं. मारण्याआधी मला विचारलं होतं. मी म्हणालो, "गाडी बरोबर हाय, मालक." त्यानंतर जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि मी हातातला पाना खाली ठेवून नुसता उभा राहिलो.

आणीबाणीच्या दोन-एक वर्षं आधीचा उन्हाळा होता. सदरला मोठ्या रस्त्यामागच्या गल्लीत माझं गॅरेज होतं. टिनाचं शेड, पुढे मोकळी जागा, एका कोपऱ्यात पाण्याचा हौद. मी तिशीतला होतो आणि जीपचा मिस्त्री म्हणून माझं नाव झालं होतं. लष्कराच्या लिलावात निघालेल्या जुन्या जीपा तेव्हा नागपुरात पुष्कळ होत्या. जंगलात कामं असणारे लोक त्या घ्यायचे, कारण नाल्यातून, रेतीतून, मुरमावरून दुसरी कोणती गाडी जात नसे. कुणाची जीप अडली की लोक माझ्याकडे पाठवायचे. इंजिन चालू करून मी नुसता कान देऊन उभा राहिलो तरी चार माणसं बोलणं थांबवायची. हे मला फार आवडायचं.

ती जीप एका तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची होती. देवलापारकडच्या जंगलात त्याचं काम चालायचं. मे महिन्यात बिडीच्या पानांची तोडणी ऐन भरात असते, तेव्हा रोज तिकडे जाणं-येणं. ठेकेदार उंच, जाड मनगटांचा माणूस. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि बोलणं संपेपर्यंत तो हात जड होत जायचा. गाडीवर त्याचा एकच ड्रायव्हर होता. चाळिशीचा, अंगानं वाळका, मोजकं बोलणारा. पाच-सहा वर्षं तीच जीप चालवत होता.

त्या उन्हाळ्यात जीप रस्त्यात बंद पडू लागली. पाणी उकळायचं, इंजिन दम सोडायचं आणि मग गाडी जागच्या जागी उभी. अर्ध्या-पाऊण तासानं आपोआप चालू व्हायची. शिवाय पेट्रोल जास्त जाऊ लागलं. ठेकेदारानं याचा सरळ अर्थ लावला. ड्रायव्हर वाटेत पेट्रोल विकतो, झाडाखाली झोपतो आणि गाडी बंद पडली म्हणून सांगतो.

एका सकाळी तो ड्रायव्हरला आणि जीपला घेऊन माझ्याकडे आला. सोबत त्याच्या गोदामातले दोन हमाल होते. म्हणाला, "मिस्त्री, तू सांग. गाडीत फॉल्ट हाय का हा माणूस खोटा हाय?"

मी बोनेट उघडलं. सेल्फ मारला, पहिल्या झटक्याला इंजिन सुरू. पंख्याचा पट्टा ताणून पाहिला, रेडिएटरमधलं पाणी पाहिलं, वायरी हलवून पाहिल्या. गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारून आलो. गाडी घड्याळासारखी चालली. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, आता नाही होत ते. दुपारी होते. मनसरच्या पुढं गेलं का होते."

मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझे कारागीर धरून आठ-दहा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी फडक्याला हात पुसले आणि ते तीन-चार शब्द बोललो.

शेडच्या खुंटीवर जुने फॅनबेल्ट टांगलेले असत. ठेकेदारानं त्यातला एक काढला. पहिला फटका ड्रायव्हरच्या पाठीवर बसला तेव्हा तो पुढे झुकला, पण ओरडला नाही. दुसरा मानेवर. मग हमालांनी त्याचे दंड धरले. रबराच्या पट्ट्याचा आवाज असा होता की समोरच्या पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. "विकतं पेट्रोल? विकतं माहं पेट्रोल?" प्रत्येक फटक्यासोबत तेच. ड्रायव्हर म्हणत होता, "नाही मालक, गाडी बंद पडते मालक." तो सुटायला गेला तेव्हा एका हमालानं त्याला ढकललं. तो जीपच्या बंपरवर उजव्या हातावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला. ठेकेदारानं पट्टा हौदाजवळ फेकला आणि म्हणाला, "उद्यापासून दिसू नको." जीप तो स्वतः चालवत घेऊन गेला.

ड्रायव्हर भिंतीला टेकून बसला होता. मनगट भलतीकडेच वळलेलं. मी पाणी नेलं तर त्यानं डाव्या हातानं गिलास उडवला. शेवटी पानठेल्यावाल्यानं त्याला रिक्षात घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका गाडीखाली पाठीवर पडून काम करत होतो. शेजारी दोन पाय येऊन थांबले. बाईमाणसाचे, धुळीनं भरलेले.

"मिस्त्री कोण हाय?"

मी सरकत बाहेर आलो. नऊवारीतली बाई होती, माझ्यापेक्षा थोडी मोठी. ती ड्रायव्हरची बायको होती.

"तुमीच म्हणलं का, गाडी बरी हाय म्हणून?"

"हो," मी म्हणालो. "मी पाहिली तेव्हा..."

तिनं पायातली चप्पल काढली आणि माझ्या तोंडावर मारली. मी बसलेलाच होतो. उठायच्या आत दुसरी बसली, कानावर. माझे कारागीर धावले तसं मी त्यांना हातानं थांबवलं. ती रडत नव्हती. तिचा आवाज चढलाही नव्हता.

"सकाळी गार गाडी पायता अन् माणसाचा हात मोडता? तो काय सांगून राहिला होता? दुपारी, दुपारी! बह्यरे हाय का गा तुमी? घेऊन जा ना दुपारी. उन्हात चालवा. मंग म्हणा खोटा हाय."

चप्पल पायात घालून ती गेली. माझे कारागीर हसावं का नाही या विचारात होते. मी तोंड धुतलं. गालावर चपलेचा वण उठला होता, पण त्याहून जास्त तिचं बोलणं लागलं होतं. ते मिस्त्रीचं बोलणं होतं. जो फॉल्ट गरम इंजिनात येतो, तो गार इंजिनात शोधायचा नसतो. ही गोष्ट मी कारागिरांना शिकवायचो, आणि ती मला एका बाईनं चपलेनं मारून सांगितली.

मी ठेकेदाराच्या गोदामावर गेलो. म्हणालो, "मालक, मले एकदा दुपारची ट्रायल पाहिजे."

"काहून? तू तर म्हणला बरोबर हाय."

"एकदा पाहतो."

त्याला तसंही देवलापारला जायचं होतं. म्हणाला, "चाल मंग. तूच बस बाजूले."

बाराच्या सुमारास आम्ही निघालो. तो चालवत होता. कामठी गेली, कन्हानचा पूल गेला. हुड काढलेलं होतं. गरम वाऱ्याची लू अशी होती की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. मनसरपर्यंत गाडी ठीक चालली. पुढे चढ लागला तसा मी कान देऊन ऐकू लागलो. इंजिन ओढत नव्हतं. सायलेन्सरमध्ये मधूनच फट्‌कन आवाज होत होता, म्हणजे पेट्रोल उशिरा जळत होतं. पाण्याचा काटा शेवटापर्यंत गेला. मग दोन धक्के बसले आणि जीप उभी राहिली. दोन्हीकडं सागाची पानगळ झालेली झाडं. सावली नावाला नाही.

ठेकेदारानं सेल्फ मारला, मारत राहिला. बॅटरी मंद होत गेली. मी म्हणालो, "मालक, थांबा, बॅटरी जाईल." तो खाली उतरला आणि चाकाला लाथ मारली. मग बोनेट उघडलं. रेडिएटर खदखदत होता.

"झाकण उघडू नका!" मी ओरडलो.

त्यानं खांद्यावरचा गमछा झाकणावर टाकला आणि फिरवलं. झाकण उडालं. उकळतं पाणी आणि वाफ कोपरापर्यंत त्याच्या हातावर आली. तो जनावरासारखा ओरडला. मी त्याला मागे ओढलं, सोबतच्या कॅनमधलं पाणी त्याच्या हातावर ओतायला लागलो. त्यानं मला झिडकारलं. सीटखालचं इंजिन फिरवायचं हँडल काढलं आणि पुढच्या दिव्यावर मारलं. काच फुटली. मग दुसऱ्या दिव्यावर. मग मडगार्डवर, तीन-चार वेळा. मग त्यानं माझी कॉलर धरली. भाजलेल्या हातावरची कातडी लाल होऊन सुटायला लागली होती, तरी त्याच हातानं धरली.

"तू म्हणला ना बरोबर हाय? आता चालू कर. नाही झाली चालू, तर इथंच गाडतो."

ते लोखंडी हँडल दुसऱ्या हातात घेऊन तो माझ्या मागे उभा राहिला. मी काम सुरू केलं.

उन्हाळ्यात पहिला संशय पेट्रोलवर जातो. नळीत वाफ भरली की पेट्रोल पुढे सरकत नाही. मी नळी काढली आणि पंपाची खुट्टी हातानं दाबली. पेट्रोलची धार आली, म्हणजे अडचण तिथं नव्हती. मग प्लगची वायर काढून तिचं टोक इंजिनच्या लोखंडाजवळ धरलं आणि ठेकेदाराला सेल्फ मारायला सांगितलं. चांगली ठिणगी निळी असते आणि तिचा टक्‌कन आवाज येतो. ही पिवळी, मरतुकडी होती. करंट तयार करणाऱ्या कॉइलला हात लावला आणि लगेच काढून घेतला. ती तव्यासारखी तापली होती. मी गमछा कॅनमधल्या पाण्यात भिजवून कॉइलला गुंडाळला. दहा मिनिटं थांबलो. मागे त्याच्या चपलांचा मुरमावर कर्रकर्र आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. पुन्हा पाहिलं तर ठिणगी निळी झाली होती.

कॉइल बिघडली असं म्हणून मी तिथंच थांबू शकलो असतो. पण कॉइल आपोआप एवढी तापत नाही. मी डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं. आत पॉइंट असतात, सतत उघडणारे-मिटणारे दोन लहान तुकडे. उघडताना त्यांच्यात एका जाड कागदाएवढी फट पडली पाहिजे. इथं फट जवळपास नव्हतीच. पॉइंटची टाच, जी फिरत्या दांड्यावर घासते, ती अर्धी झिजून गेली होती. दांडा कोरडा ठणठणीत. त्यावर तपकिरी भुकटी जमली होती. ग्रीसचा थेंब नव्हता.

ते पॉइंट तीन आठवड्यांपूर्वी मी बसवले होते.

मला तो दिवस आठवला. घाई होती, आणखी दोन गाड्या उभ्या होत्या. मी पॉइंट लावले, झाकण बसवलं. ड्रायव्हर वाकून पाहत होता. तो म्हणाला होता, "मिस्त्री, ग्रीस लावलं का?" मी म्हणालो होतो, "तू मले शिकवतं का?"

भर उन्हात उभा राहून मी सगळा हिशोब डोक्यात जुळवला. ग्रीस नाही म्हणून टाच झिजली. टाच झिजली म्हणून फट मिटत गेली. फट मिटली म्हणून ठिणगी उशिरा पडू लागली. उशिरा पडते म्हणून इंजिन ओढत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि पाणी उकळतं. आणि पॉइंट जास्त वेळ मिटलेले राहतात म्हणून कॉइल तापून मरते. गार झाली की जिवंत होते. ड्रायव्हरवर जे जे आरोप होते, ते सगळे त्या नखाएवढ्या तुकड्यात होते, आणि तो तुकडा माझ्या हातचा होता.

मी पुढच्या चाकाची टोपी उचकटून बोटावर थोडं ग्रीस घेतलं, दांड्याला लावलं. मापाची पट्टी घालून फट जमवली, स्क्रू आवळला. रेडिएटर गार होऊ दिला आणि पाणी भरलं. इंजिन सुरू झालं आणि आवाज बदलला होता. ठेकेदारालाही तो कळला.

"काय होतं?" त्यानं विचारलं. हँडल अजून हातात होतं.

"कॉइल तापत होती, मालक."

"मंजे तो खरं बोलून राहिला होता?"

"हो."

त्यानं भाजलेल्या हाताकडं पाहिलं. मग हँडल सीटखाली टाकत म्हणाला, "राहू दे. पेट्रोल त विकलंच असन."

मी बोनेट लावलं. भाजलेल्या हातामुळं त्याला स्टिअरिंग धरवत नव्हतं, म्हणून मीच जीप चालवत परत आणली. सबंध रस्ताभर गाडी छान चालली. तिचं छान चालणं मला सहन होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरचं घर शोधत गेलो. रेल्वेलाइनीपलीकडच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खाट. तो खाटेवर बसला होता, हात पट्ट्या बांधून गळ्यात अडकवलेला. बायको चुलीपाशी होती. तिनं मला पाहिलं आणि ती उठून दाराजवळ येऊन उभी राहिली.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "टाच किती घासली होती?"

"अर्धी."

"ग्रीस नव्हतं."

"नव्हतं."

"म्या इचारलं होतं तुले."

"हो."

"मालकाले सांगतलं?"

मी मान हलवली. नाही.

तो उठला. डाव्या हातानं त्यानं माझा गळा धरला आणि मला भिंतीवर आपटलं. वाळका माणूस, एक हात मोडलेला, पण माझा श्वास बंद झाला. डोळ्यांपुढं अंधारी आली. त्याचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं. "मंग इथं कायले आला? माह्या घरी येऊन हलकं व्हाले? मले काय माहीत नाही का, म्या पेट्रोल विकलं का नाही ते?"

बायकोनं त्याची बोटं एकेक करून सोडवली. "सोडा, मरन तो," ती म्हणत होती. मी खोकत खाली बसलो. ड्रायव्हर खाटेवर जाऊन बसला. मग म्हणाला, "ज्यायच्या समोर म्हणलं, त्यायच्याच समोर सांग. नाहीतर येऊ नको इकडं."

मी तिथून सरळ गोदामावर गेलो. उशीर केला असता तर गेलो नसतो, हे मला माहीत होतं. ठेकेदार पोत्यांच्या थप्पीपुढं खुर्चीवर बसला होता, हाताला मलमपट्टी. ते दोन्ही हमाल होते, मुनीम होता, आणखी पाच-सात माणसं होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पॉइंट मी बसवले, ग्रीस मी लावलं नाही, त्यानं विचारलं तरी लावलं नाही. गाडी त्याच्यामुळं नाही, माझ्यामुळं बंद पडत होती.

"अन् पेट्रोल?" ठेकेदारानं विचारलं.

"इंजिनच पीत होतं, मालक. त्यानं विकलं नाही."

माणसं एकमेकांकडं पाहू लागली. एका हमालानं मान खाली घातली. ठेकेदारानं ते पाहिलं, आणि मला वाटतं त्यामुळंच तो खुर्चीवरून उठला. पहिला ठोसा तोंडावर बसला. माझे दोन दात तिथंच गेले, ते जिभेला लागले तेव्हा मला खडे वाटले. मी पडलो तसं त्यानं लाथा घातल्या, बरगड्यांवर, पाठीवर. हमालांना त्यानं हाक मारली, पण ते जागचे हलले नाहीत. मारताना तो एकच म्हणत होता, "तेव्हा काहून नाही सांगतलं? रस्त्यात काहून नाही सांगतलं?" प्रश्न बरोबर होता. शेवटी तोच दमला, भाजलेल्या हाताची पट्टी रक्तानं ओली झाली, आणि मुनीमानं मला बखोटीला धरून रस्त्यावर आणून सोडलं.

महिनाभर मी नीट वाकू शकलो नाही. दोन बरगड्यांना तडे गेले होते. गॅरेज कारागिरांनी चालवलं. लोकांना काय झालं ते कळलं होतं. काही गिऱ्हाइकं सुटली, बरीचशी राहिली. ठेकेदार पुन्हा माझ्याकडं आला नाही. ड्रायव्हरला त्यानं कामावर परत घेतलं नाही आणि त्याची माफीही मागितली नाही. मी कबूल केल्यावर ड्रायव्हरच्या नावावरचा डाग तेवढा धुतला गेला, बस. त्याचं मनगट वाकडं जुळलं. जीपचं हँडल मारणं, जड गाडी चालवणं त्याला पुन्हा कधी जमलं नाही, असं माझ्या कानावर आलं. मी दोन गिऱ्हाइकांकडं त्याच्यासाठी शब्द टाकला. त्याला कळलं तेव्हा त्यानं निरोप पाठवला की माझ्या शब्दावर तो कुठंच जाणार नाही.

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट असेल. सीताबर्डीला व्हरायटी चौकाजवळ बसस्टॉपवर मला त्याची बायको दिसली. केस पांढरे झाले होते, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी होती. तिनं मला ओळखलं. मी जवळ गेलो आणि विचारलं, "कसे आहेत ते?"

"बरे हायत," ती म्हणाली. "धंतोलीत एका डाक्टरची मोटार चालवतात. लहान गाडी हाय, जमते त्यायले."

"हात?"

"थंडीत ठणकते. शेकून द्यावं लागते."

मी म्हणालो, "एकदा भेटायला येऊ का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. तिनं खरोखर विचार करून पाहिला, असं वाटलं. बस आली होती, माणसं चढायला लागली होती.

"नको," ती म्हणाली. "आता ते झोपतात बरोबर."

तिनं पिशवी छातीशी धरली, लुगडं सावरलं आणि गर्दीतून वाट काढत बसमध्ये चढली. मी बस वळेपर्यंत तिथं उभा होतो. मग मला आठवलं की मी सीताबर्डीला प्लग घ्यायला आलो होतो, आणि मी दुकानाकडं चालू लागलो.